सासूबाईंना तमिळ बोलायला लावणारी मराठीप्रेमी सून

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, मी पुण्याची, लग्न होऊन चेन्नईत आले त्याला आठ वर्षं झाली. मुलगी सहा वर्षांची आहे. मी तिच्याशी कटाक्षाने मराठीतच बोलते पण ती उत्तर इंग्रजीत देते. शनिवारचा ऑनलाइन मराठी क्लास लावलाय, बाराखडीचा तक्ता लावलाय, गोष्टींची पुस्तकं मागवली, उपयोग शून्य. नवऱ्याची काही मदत नाही. सासरचे लोक मूळ तंजावरचे, सासूबाई आणि नवरा आपापसात एक मोडकंतोडकं मराठी बोलतात, ते ऐकून मुलीचं मराठी बिघडायला नको म्हणून मी सासूबाईंना सांगून ठेवलंय की तिच्याशी तमिळच बोला. परवा त्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या आणि ही शेजारी बसून खुदुखुदू हसत होती, शेवटी ओढून क्लासला बसवावं लागलं. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मी स्टेटस ठेवलं होतं, आणि माझ्याच घरात ही गत. भाषा माझ्याबरोबरच संपणार का? घरात तमिळला बंदी घालू का?"

अगं बाई.

बंदीचं आधी उरकते. नाही. पोरगी चेन्नईत वाढतेय, तिच्या मैत्रिणी तमिळ, खालचा भाजीवाला तमिळ, तिने तमिळ बोलायचं नाही तर काय जपानी बोलायचं? पुढे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा त्या एका वाक्यावर अडकले जे तू जाता जाता लिहून टाकलंयस. सासूबाईंना तमिळच बोला म्हणून सांगितलंय. म्हणजे घरात एक मराठी बोलणारी आजी आहे, पूर्ण वेळ, फुकट, नातीवर जीव टाकणारी, आणि तिला तू गप्प केलंस, आणि मग पैसे भरून स्क्रीनवर एक अनोळखी बाई आणून बसवलीस मराठी शिकवायला! आणि वर मलाच विचारतेस की भाषा माझ्याबरोबर संपणार का. कोण संपवतंय गं?

आता ते मोडकंतोडकं. व्यंकोजीराजे, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, १६७० च्या दशकात तंजावरला गादीवर बसले आणि त्यांच्या आगेमागे जी मराठी माणसं तिकडे गेली त्यांची ही भाषा. व्यंकोजींचा मुलगा शहाजीराजे तिथे मराठीत नाटकं लिहीत होता, आणि आपण मराठी रंगभूमीची सुरुवात म्हणून सांगलीचं १८४३ चं साल पाठ करतो ते त्याच्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास सांगणारा लांबलचक मराठी शिलालेख आहे, १८०३ चा. सुट्टीत तुम्ही तंजावरला जात असाल तर एकदा मुलीला नेऊन दाखव, भिंतीवरचं मराठी तिला तुझ्या तक्त्यापेक्षा जास्त आवडेल. मग १८५५ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा केलं. त्यानंतर या भाषेला दरबार नाही, आणि आपल्याला असते तशी शाळा, बोर्ड, परीक्षा, वर्तमानपत्र यातलं काही नाही. पावणेदोनशे वर्षं चारी बाजूंनी तमिळ असताना ती फक्त स्वयंपाकघरात आणि झोपाळ्यावर टिकली, आयांनी लेकरांशी बोलून. तुझी सासू त्या रांगेतली. आणि ती रांग तू तोडलीस, शुद्धलेखनापायी.

बरं, तू जिला शुद्ध म्हणतेस ती तरी काय आभाळातून पडलीये का, १९व्या शतकात शाळेची क्रमिक पुस्तकं काढायची म्हणून मेजर कँडीसारखे साहेब आणि त्यांचे पंडित बसले आणि बरीचशी पुण्याची वळणं घेऊन ती छापात बसवली गेली, स्वल्पविरामसुद्धा त्या साहेबाच्या काळात आले. सासूबाईंचे पूर्वज त्याच्या कितीतरी आधी गाव सोडून गेलेले. त्यांना पुण्याचा मेमो मिळालाच नाही, त्यात मोडकं काय?

मी चिडून लिहितेय ते मला कळतंय. कारण सांगते. मी सोलापूरची. पुण्यात कॉलेजला आले आणि होस्टेलवर "काय करायलास" म्हटलं की पोरी पोट धरून हसायच्या. सहा महिन्यांत मी सुधारले. इतकी सुधारले की सुट्टीत घरी गेल्यावर आई माझ्याशी जपून बोलायला लागली, पाहुण्याशी बोलावं तसं, शब्द निवडून. आई जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तिचं ते जपून बोलणं अजून कानात आहे. तुझ्या सासूबाई सध्या नातीशी तशाच जपून बोलत असणार, दुसऱ्याच भाषेत.

नवऱ्याची मदत नाही म्हणतेस. आईशी तो मराठीत बोलतो, मग तुझ्याशी का नाही? लग्नानंतर पहिल्या वर्षी त्याने त्याच्या मराठीत काही बोलायचा प्रयत्न केला असेल आणि तू हसली असशील किंवा दुरुस्त केलं असशील. नसशील तर सोडून दे. पण आठवून बघ.

आणि मुलगी. अगं, ती हसत होती! फोनवरचा विनोद कळल्याशिवाय कोण हसतं? आजी तिच्याशी ते बोलत नाही तरी नुसतं ऐकून तिला ते कळतंय, आणि तू काय केलंस, तर तिला तिथून उठवून मराठीच्या क्लासला बसवलंस. हे लिहिताना तुझं तुला हसू नाही आलं? तुला ती इंग्रजीत उत्तर देते कारण तुला इंग्रजी कळतं, आणि मराठीत तोंड उघडलं की "ती पुस्तक नाही, ते पुस्तक" ऐकावं लागतं. कोणतं शहाणं पोर असला सौदा करेल?

तर एकच काम कर, आणि आजच. संध्याकाळी सासूबाईंच्या शेजारी जाऊन बस आणि सांग की आई, माझं चुकलं, तिच्याशी तुमचंच मराठी बोला. हे इंग्रजीत नाही सांगायचं, तमिळमध्येही नाही, तुझ्या पुणेरी मराठीत सांग, त्यांना व्यवस्थित कळेल. त्या लगेच बोलायला लागतील असं नाही, अवघडतील, एकदा बंद केलेलं तोंड एका रात्रीत उघडत नाही. म्हणून शनिवारचा तो क्लास रद्द कर आणि त्या वेळात दोघींना स्वयंपाकघर दे. डांगर पच्चडी करायला सांग, तंजावरी मराठी घरातली ती ओळखीची गोष्ट, उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं. तुझ्या आजीनेही उडदाचं डांगर केलेलं असेल, खाऊन बघ, चव कुठून कुठे गेली ते कळेल. आणि तू तिथे बसायचं ते शिकायला बसायचं, मध्ये एकही शब्द दुरुस्त करायचा नाही, अगदीच जीभ वळवळली तर पच्चडीचा घास घे.

आणि पुढच्या वेळी फोन चालू असताना लेक हसली तर तिला उठवू नकोस, काय झालं म्हणून विचार. ती आजीच्या मराठीत सांगेल, त्यातलं निम्मं तुला कळणार नाही, मग सासूबाईंना विचार.