कोल्हापुरातल्या हॉस्पिटलच्या ईएचआरसाठी (पेशंटच्या डिजिटल नोंदींच्या यंत्रणेसाठी) जावात क्लायंट लिहायचाय. हॅपी फायर वापरू की स्वतः एचटीटीपी कॉल लिहू?

हॅपी फायरच (HAPI FHIR) वापरा. 'फायर' म्हणजे आरोग्यनोंदींच्या देवाणघेवाणीचं मानक, आणि हॅपी ही त्यासाठीची जावातली तयार लायब्ररी. जेसन (JSON, नोंदी ज्या साच्यात पाठवतात तो) हातानं जुळवायची हौस असेल तर पहिल्या महिन्यातच फिटेल. शिवाय आयुष्मान भारत डिजिटल मिशनचे प्रोफाइल (नोंदींचे ठरवून दिलेले नमुने) फायरच्या आर४ आवृत्तीवरच आहेत, त्यामुळे पुढंमागं आभा (त्या मिशनचा आरोग्य-ओळख क्रमांक) जोडायची वेळ आली तर सगळं पुन्हा लिहावं लागणार नाही. फायर-कॉन्टेक्स्ट (हॅपीचा मूळ ऑब्जेक्ट) मात्र अॅप सुरू होताना एकदाच बनवा. ते जड असतं, दर विनंतीला नवं बनवलंत तर अॅप रांगतं.

खरी कसोटी लागते नेट जाते तेव्हा, आणि आपल्याकडं पावसाळ्यात ते जातंच. केसपेपर काढणाऱ्या ताईंनी 'सेव्ह' दाबलं, सर्व्हरनं पेशंट नोंदवला, पण उत्तर परत यायच्या आत लाइन गेली. क्लायंट दहा सेकंद वाट बघून एरर दाखवतो, ताई पुन्हा दाबतात. एका माणसाचे दोन पेशंट! मग अॅलर्जी एका नोंदीत आणि औषधं दुसरीत. हे नुसतं अडचणीचं नाही, धोक्याचं आहे.

म्हणून नोंद आधी स्थानिक डेटाबेसमध्ये ठेवा, तिला तिथंच यूयूआयडी (दुसऱ्या कुणाशी न जुळणारा ओळख-कोड) द्या, आणि सर्व्हरला पाठवताना त्याच आयडेंटिफायरवर कंडिशनल क्रिएट करा, म्हणजे तो असलेली नोंद आधी नसेल तरच नवी बनेल. मग कितीही वेळा पाठवलं तरी पेशंट एकच राहतो. तुमचा सर्व्हर हे करू देतो का, ते त्याच्या मेटाडेटात (सर्व्हरला काय काय जमतं त्याच्या यादीत) आधी बघा. सगळेच देत नाहीत. मोबाइल नंबरला ओळख मानायचा मोह होईल, पण इथं अख्ख्या घराचा एकच नंबर दिलेला असतो. आभाही प्रत्येकाकडं नसतो.

जन्मतारखेचंही तसंच. पन्हाळ्याकडनं आलेली आजी सांगणार, "सत्तर-पंच्याहत्तर असंल की!" बऱ्याच ठिकाणी अशा वेळी १ जानेवारी ठोकून देतात. फायरमध्ये नुसतं सालही चालतं. जावाचा डेट ऑब्जेक्ट दिलात तर दिवस-महिना आपोआप चिकटतो, म्हणून हॅपीच्या डेटटाइपला '१९५२' एवढीच स्ट्रिंग द्या (कोडमध्ये अर्थातच इंग्रजी आकडे).

शोधाचे निकाल पानापानानं येतात. बंडलमधली (निकालांच्या गठ्ठ्यातली) 'नेक्स्ट' लिंक संपेपर्यंत पुढची पानं मागवत राहा. आणि चाचणीला हॅपीचा सार्वजनिक सर्व्हर वापरलात तर खऱ्या पेशंटचं नावसुद्धा तिथं टाकू नका, ते कुणालाही दिसतं.