'नवा प्रवेश', 'नवी नोंद' की 'प्रथमच दाखल'?

पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या साप्ताहिक पत्रकात इंग्रजी पॉप गाण्यांच्या क्रमवारीवर मराठीतून लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने विचारले आहे: "'न्यू एन्ट्री'ला मराठीत काय म्हणावं? मी 'नवा प्रवेश' लिहिते, पण संपादक तो खोडून 'एन्ट्री'च ठेवतात. 'री-एन्ट्री'ला तर शब्दच सापडत नाही. आणि गाणं बाराव्या क्रमांकावरून सातव्यावर आलं, तर क्रमांक वाढला म्हणायचं की कमी झाला?"

तुमच्या संपादकांना 'नवा प्रवेश' का खटकला असेल, याचा अंदाज करता येतो. पुण्यात जून-जुलैमध्ये 'प्रवेश' म्हटले की अकरावीच डोळ्यांपुढे येते. भरत नाट्य मंदिराच्या आवारात हाच शब्द उच्चारला तर तो अंकातला प्रवेश असतो: अंक दुसरा, प्रवेश तिसरा. एकांकिका स्पर्धेला पाठवायची ती प्रवेशिका आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांची 'प्रवेशिका' आणखी निराळी. इंग्रजीत 'एन्ट्री' हा एकच शब्द दारात उभा राहतो, जमाखर्चात बसतो, शब्दकोशातही सापडतो. मराठीने ही कामे केव्हाच वाटून टाकली आहेत. दारातून आत येणे तो प्रवेश, वहीत चढते ती नोंद, स्पर्धेला जाते ती प्रवेशिका. रंगमंचावर नटाची मात्र 'एन्ट्री'च होते आणि तिथे ती इतकी रुळली आहे की टाळी 'एन्ट्रीला' पडते, 'प्रवेशाला' नाही. त्यामुळे प्रतिशब्द निवडण्याआधी गाण्यांच्या यादीतली एन्ट्री यांपैकी कोणते काम करते, ते पाहायला हवे.

मुळात ते मोजदादीचे काम आहे. अमेरिकेत 'बिलबोर्ड' या साप्ताहिकाने जुलै १९४०मध्ये दुकानांतल्या खपावरून सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या तबकड्यांची यादी छापायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९५२मध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या संगीत साप्ताहिकाच्या पर्सी डिकिन्स यांनी वीसेक दुकानांना दूरध्वनी करून कोणती तबकडी किती खपली ते विचारले आणि त्या आकड्यांवरून यादी लावली. जागा बारा होत्या, पण काही तबकड्यांची बरोबरी झाल्यामुळे पहिल्या यादीत पंधरा तबकड्या बसवाव्या लागल्या. ही सगळी नोंदवहीची भाषा आहे. म्हणून तक्त्यात, गाण्याच्या नावापुढच्या लहानशा चौकटीत, 'नवी नोंद' हेच शब्द मला सर्वात योग्य वाटतात. ज्या शहरात दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे काम झाले, तिथे 'नोंद' या शब्दाची वेगळी ओळख करून द्यावी लागू नये.

पण तक्ता संपून मजकूर सुरू झाला की 'नोंद' अपुरी पडते. "या आठवड्यात पाच गाण्यांची नोंद झाली" हे वाक्य नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून आल्यासारखे वाटते. इथे क्रियापद हवे, आणि मराठीकडे अशी क्रियापदे भरपूर आहेत. अडचण इतकीच की प्रत्येकाला आपापला वास आहे. 'यादीत नाव लागले' हा अस्सल प्रयोग, पण 'गाणे लागले' म्हटले की रेडिओवर ते आत्ता वाजते आहे असा अर्थ होतो. 'वर्णी लागली' यात कोणीतरी निवड केल्याची, बरेचदा मर्जीने केल्याची छटा आहे. ते महामंडळांच्या बातम्यांत ठीक, पण इथे कोणी निवडत नाही, फक्त मोजले जाते. 'शिरकाव' म्हटले की साथीचा रोग आठवतो. 'आगमन' गणपतीचे. 'पदार्पण' चांगला शब्द आहे, पण तो माणसाचा: गायिकेचे यादीत पदार्पण झाले असे जरूर लिहा, तिच्या अकराव्या गाण्याचे नको. 'मुसंडी' क्रीडापानाने घासून गुळगुळीत केली असली तरी मोठ्या उडीसाठी ती अजून उपयोगी आहे. मात्र मुसंडी मारायला आधी मैदानात असावे लागते, म्हणून नव्याने आलेल्या गाण्याला ती लावू नये.

या सगळ्यांत माझे मत 'दाखल होणे' या क्रियापदाला आहे. पालख्या पुण्यात दाखल होतात, मोसमी पाऊस कोकणात दाखल होतो, खटला न्यायालयात दाखल होतो. शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्यात आत येणे आणि कागदावर चढणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. 'अर्ज दाखल केला' यात कागद आहे, 'पालखी दाखल झाली' यात चालत येणे आहे. गाण्याच्या बाबतीत नेमके हे दोन्ही घडते. "या आठवड्यात यादीत चार गाणी दाखल झाली" हे वाक्य कोथरूडमध्ये वाचा की बारामतीत, कोणालाही अडखळायला होणार नाही.

आता 'नव्याने दाखल' लिहावे का? मनात पहिल्यांदा तेच येते आणि तिथेच जपायला हवे. मराठीत 'नव्याने' दोन्हीकडे झुकते. 'नव्याने रुजू झालेले शिक्षक' म्हणजे नुकतेच आलेले, पण 'नव्याने सुरुवात केली' म्हणजे पुन्हा एकदा केली. गाण्यांच्या यादीत न्यू एन्ट्री आणि री-एन्ट्री हा भेदच महत्त्वाचा असतो आणि 'नव्याने' तो पुसून टाकते. म्हणून 'प्रथमच दाखल' आणि 'पुन्हा दाखल' अशी जोडी वापरा. गाण्याला रंगवून लिहायचे असेल तर दुसऱ्यासाठी 'पुनरागमन' चालेल, पण 'पुनर्प्रवेश' नको, तो शब्द महाविद्यालयाच्या कार्यालयात शोभतो.

'प्रथमच' या शब्दाचा आग्रह मी धरतो त्याला आणखी एक कारण आहे. यादीत नवे असलेले गाणे खरोखर नवे असतेच असे नाही. मराया कॅरीचे 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू' १९९४चे, पण 'बिलबोर्ड'च्या 'हॉट १००' यादीत ते प्रथम दाखल झाले जानेवारी २०००मध्ये, तेही ८३व्या स्थानी. त्या गाण्याची सुटी तबकडी ('सिंगल') अमेरिकेत विक्रीला आली नव्हती आणि तशी तबकडी नसलेल्या गाण्याला त्या यादीत जागा नव्हती. हा नियम डिसेंबर १९९८मध्ये बदलला. त्यानंतर अनेक नाताळांत ते यादीत परतत राहिले आणि डिसेंबर २०१९मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले. जानेवारी २०००च्या यादीबद्दल "नवीन गाणे" लिहिले असते तर ते चूक ठरले असते, "यादीत प्रथमच दाखल" लिहिले तर अक्षर न् अक्षर खरे. २०१९च्या डिसेंबरबद्दल 'प्रथमच' लिहिता येते ते केवळ अव्वल स्थानासाठी: "प्रथमच पहिल्या क्रमांकावर". 'प्रथमच' हा शब्द वाक्यात कशाला चिकटला आहे, यावर सगळा अर्थ फिरतो. म्हणून तो ज्याच्याबद्दल आहे त्याला अगदी लागून ठेवा.

गाणे पहिल्याच आठवड्यात शिखरावर पोचले तर मराठीत 'थेट' हा फार सुंदर शब्द आहे: "थेट पहिल्या क्रमांकावर दाखल". पूर्वी हे अपूर्व होते. 'हॉट १००' ऑगस्ट १९५८मध्ये सुरू झाली आणि त्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालेले पहिले गाणे मायकल जॅक्सनचे, सप्टेंबर १९९५मध्ये. सदतीस वर्षे गाणी खालून वर चढत होती. लोक रेडिओवर ऐकत, मग दुकानात जात, मग खप दिसे. आता प्रकाशनाच्या दिवसापासून ऑनलाइन ऐकणे मोजले जाते, त्यामुळे 'थेट' हा शब्द लेखात वारंवार लागेल. त्याच्या जोडीला 'धमाकेदार'सारखे विशेषण लावायची गरज नाही. आकडाच पुरेसा बोलतो.

क्रमांकाचा प्रश्न मला सर्वात आवडला. बारावरून सातवर येणे हे आकड्याने कमी होणे आहे आणि मानाने वाढणे. बोलताना आपण गोंधळत नाही. शाळेत "नंबर घसरला" म्हटले की आईला बरोबर कळते, पाचवा होता तो बारावा झाला. पण लिहिताना "पाच क्रमांकांनी वाढले" असे झाले की वाचक बाराचे सतरा करून बसतो. त्यामुळे 'वाढ' आणि 'घट' हे दोन्ही शब्द इथे टाळावेत आणि दिशा सांगावी: "पाच स्थाने वर सरकून सातव्यावर". इथे 'स्थान' हवे. 'पायरी' हा शब्द मोह पाडतो, कारण १९५२च्याच डिसेंबरात रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमाला या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमामुळे अमीन सयानींच्या आवाजातले 'पायदान' (हिंदीत पायरी) मराठी घरांतही रुजले. पण मराठीत जिन्याची मोजणी खालून होते. 'यशाची पहिली पायरी' म्हणजे नुकती सुरुवात, आणि गाण्यांच्या यादीत पहिले म्हणजे अगदी वरचे. "गाणे पहिल्या पायरीवर" असे वाचून मराठी वाचकाच्या मनात नेमके उलटे चित्र उभे राहते. किती पायऱ्या चढले हे सांगायला शब्द चालेल, कितव्या पायरीवर आहे हे सांगायला नाही.

तक्त्याच्या शीर्षकांबद्दल थोडक्यात: 'गेल्या आठवड्यात', 'सर्वोच्च स्थान', 'यादीत आठवडे' एवढे पुरते. प्रथमच दाखल झालेल्या गाण्यापुढे गेल्या आठवड्याच्या रकान्यात आडवी रेघ द्या, शून्य नको. 'टॉप टेन'साठी 'पहिल्या दहांत' लिहा, आणि अनुस्वार विसरू नका.

तुम्ही विचारले नाही, पण दाखल होणाऱ्याबरोबर बाहेर पडणारेही असतेच. तिथे 'यादीतून वगळले' सरसकट लिहू नका. खप आणि ऐकणे कमी झाल्याने गेलेले गाणे 'यादीबाहेर गेले'. वगळणे ही कोणीतरी केलेली कृती आहे आणि 'हॉट १००'मध्ये ती खरोखर होते: वीस आठवडे मुक्काम झालेले आणि पन्नासाव्या स्थानाखाली घसरलेले गाणे नियमानुसार काढून टाकायचे, अशी पद्धत तिथे बरीच वर्षे होती. अशा गाण्याबद्दल लिहाल तेव्हा 'नियमानुसार वगळले' हेच बरोबर.