गुण चौदा आले, आता पुढे काय?

(वाचकांचे प्रश्न. या महिन्यात इंदूरहून आलेली तीन पत्रे एकाच विषयाभोवतीची असल्याने एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.)

प्रश्न : मी इंदूरला सुदामानगरात राहते. वय ३१, दुसऱ्या खेपेचा सातवा महिना. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी देवासला गेले असताना जवळजवळ चार महिने मला रोज रडू येत असे, बाळाला जवळ घ्यावेसेही वाटत नसे आणि मनात सतत धास्ती असे. ‘दृष्ट लागली’, ‘अशक्तपणा आहे’ एवढेच घरात बोलले गेले. डॉक्टरांना कोणी काही सांगितले नाही. या वेळी पतींनी माझ्या फोनवर गर्भवतींसाठीचे एक अ‍ॅप घालून दिले. त्यात दहा प्रश्न होते. माझे गुण १४ आले. त्यानंतर श्वसनाचा एक व्यायाम आणि ‘तज्ज्ञांशी बोला’ अशी एक ओळ, इतकेच पडद्यावर आले. सासूबाई म्हणतात, अशा दिवसांत अभद्र विचार मनात आणू नयेत. हे गुण खरे मानावेत का? आणि मागचे सारे पुन्हा होऊ नये यासाठी अशा अ‍ॅपचा काही उपयोग आहे का?

उत्तर : आधी गुणांविषयी. तुमच्या वर्णनावरून ती गर्भारपणातील आणि बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाहूल घेणारी एडिंबरा प्रश्नावली असावी. जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. गेल्या सात दिवसांत मनाची स्थिती कशी होती हे ती विचारते. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण आणि एकूण गुण तीस. ती करणाऱ्यांनी एक गोष्ट फार विचारपूर्वक केली. गर्भारपणात आणि बाळंतपणात थकवा, भूक मंदावणे, झोपमोड हे सर्वांनाच होते, म्हणून अशा शारीरिक तक्रारींवर त्यांनी भर दिला नाही. झोपेचा जो एक प्रश्न आहे, तोही ‘मन दुःखी असल्यामुळे झोप लागत नाही का’ असाच आहे. त्यामुळे ‘पोटात बाळ आहे, असे व्हायचेच’ म्हणून १४ हा आकडा बाजूला सारता येणार नाही. सर्वसाधारणपणे १३ किंवा त्याहून अधिक गुण आले, तर तज्ज्ञांनी प्रत्यक्ष तपासावे असे मानतात. मात्र हे आजाराचे निदान नव्हे. ताप मोजल्यावर ताप आहे हे कळते, तो कशाचा आहे हे कळत नाही. तसेच हे आहे. रक्तातील हिमोग्लोबिन आणि थायरॉइड यांची तपासणीही याच भेटीत करून घ्या, कारण त्यांच्या बिघाडानेही मन असेच खालावते.

दहाव्या प्रश्नाबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला का, असे तो विचारतो. तिथे शून्याखेरीज कोणतेही उत्तर दिले असेल, तर एकूण गुण कितीही असोत, हे पत्र वाचताच पतींना ते सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

आता तुमचा खरा प्रश्न : हे टाळता येईल का? मागच्या वेळी तुम्हाला जे झाले, त्यात तुमचा दोष नव्हता आणि ते दुर्मीळही नव्हते. भारतातील ३८ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात जो आढावा छापला गेला, त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले. त्याहून महत्त्वाचा मला गोव्यातील २००२ चा अभ्यास वाटतो. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी ज्या माता नैराश्यात सापडल्या, त्यांच्यापैकी ७८ टक्के जणींचे मन गर्भारपणातच बरेच ढासळलेले होते. म्हणजे ज्याला आपण ‘बाळंतपणानंतरचे’ म्हणतो, त्याची सुरुवात बहुतेकींच्या बाबतीत आधीच झालेली असते आणि ते ओळखण्याची संधीही आधीच मिळते. तुम्हाला ती सातव्या महिन्यात मिळाली आहे. सासूबाईंना हे याच शब्दांत सांगा. बाळंतविडा आपण बाळ येण्याआधी भरून ठेवतो, त्यात अभद्र असे काही कोणाला वाटत नाही.

टाळता येते, याला आधार आहे. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये असा निष्कर्ष काढला की, ज्यांना धोका अधिक आहे अशा स्त्रियांना गर्भारपणातच समुपदेशन मिळाले, तर नैराश्याचा धोका सुमारे ३९ टक्क्यांनी घटतो. पूर्वी नैराश्य येऊन गेलेली स्त्री या गटात निःसंशय मोडते. आपल्या शेजारचे उदाहरण द्यायचे, तर पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांमध्ये नैराश्य आढळलेल्या गर्भवतींशी तिथल्या साध्या आरोग्यसेविका गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यापासून ठरावीक भेटींत बोलत राहिल्या. बाळ सहा महिन्यांचे झाले, तेव्हा त्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या; ज्यांना अशा संवादाशिवाय नुसत्याच भेटी मिळाल्या, त्यांच्यात हे प्रमाण ५३ टक्के होते. या सेविका मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

चांगले अ‍ॅप याच संवादातील काही भाग फोनवर आणते. उदाहरणार्थ, ‘बाळ रडते आहे, म्हणजे माझे दूध पुरत नाही, म्हणजे आई म्हणून मी नालायक’ ही विचारांची साखळी मनात क्षणात पुरी होते. अ‍ॅप ती तीन वेगळ्या ओळींत लिहायला लावते आणि प्रत्येक ओळीपाशी विचारते की याला पुरावा काय. बाळाचे वजन वाढते आहे आणि लंगोट ओले होत आहेत हे लिहून झाले की तिसरी ओळ आपोआप डळमळते. दुसरे तंत्र अगदी घरगुती आहे : दिवसातून एक छोटी, आवडीची गोष्ट ठरवून करणे आणि ती केल्यानंतर मनाला कसे वाटले हे नोंदवणे, कारण खचलेले मन ‘कशानेच बरे वाटत नाही’ असे सांगत असते आणि ती नोंद त्याला खोटे पाडते.

परंतु अशी साधने एकटीच्या बळावर फार काळ वापरली जात नाहीत. ज्या दिवशी मन सर्वांत खालावलेले असते, त्याच दिवशी अ‍ॅप उघडावेसे वाटत नाही. ऑस्ट्रेलियात नैराश्याचे निदान झालेल्या ४३ मातांवर सहा सत्रांच्या एका संकेतस्थळाची चाचणी झाली. ते वापरणाऱ्यांपैकी ७९ टक्के जणी बाराव्या आठवड्यापर्यंत त्या निदानातून बाहेर आल्या, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. चाचणी लहान होती हे ध्यानात ठेवावे. पण त्या संकेतस्थळाबरोबर एक प्रशिक्षित व्यक्ती त्या मातांना दर आठवड्याला फोन करत होती, हेही तितकेच ध्यानात ठेवावे. तुमच्या अ‍ॅपने १४ हा आकडा दाखवला आणि ते गप्प झाले. माझ्या मते त्याची ही उणीव गंभीर आहे. गुण वाढल्यास कोणी उलट फोन करते का, दहाव्या प्रश्नाला ‘हो’ म्हटल्यावर काय होते, ते कोणत्या संस्थेने तयार केले आहे आणि आपली माहिती पुसून टाकता येते का, हे पाहिल्याशिवाय अ‍ॅप घेऊ नये. पाळीची नोंद ठेवणाऱ्या एका जगप्रसिद्ध अ‍ॅपवर स्त्रियांची खासगी माहिती इतर कंपन्यांना पुरवल्याचा आरोप झाला होता आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आयोगाशी त्याला तडजोड करावी लागली होती. म्हणून खरे नाव न घालता खाते उघडावे आणि फोन घरात सर्वांच्या हातात जात असेल, तर त्या अ‍ॅपला वेगळे कुलूप लावावे.

भाषेचा मुद्दाही लहान नाही. इंग्रजी अ‍ॅप ‘चिंता वाटते का’ असे विचारते आणि आपल्या बायका ‘नाही’ म्हणतात. त्यांनाच ‘जीव घाबरा होतो का, छातीत धडधडते का’ असे विचारले की डोळ्यांत पाणी येते. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत बाजारात हिंदी आणि स्वयंपाकघरात मराठी चालते. मनातले मात्र स्वयंपाकघरातल्या भाषेतच नीट सांगता येते, म्हणून ज्या भाषेत तुम्ही आईशी बोलता, तीच निवडा. मनाच्या तक्रारींसाठी फोनवर सल्ला देणाऱ्या शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो दिवसरात्र आणि विनामूल्य चालतो आणि तिथे हिंदीप्रमाणे मराठीतही बोलता येते.

तेव्हा या आठवड्यात प्रसूतितज्ज्ञांना हे गुण आणि मागच्या बाळंतपणाची हकिकत दोन्ही सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवा. औषध लागलेच, तर गर्भारपणात आणि अंगावर पाजताना देता येतील अशी औषधे आहेत. ती डॉक्टरांनी निवडावीत आणि त्यांना न विचारता बंद करू नयेत. डोहाळजेवणाला माहेरची मंडळी येतीलच, तेव्हा दुसऱ्या दिवशी घटकाभर बसून ठरवा की दर पंधरा दिवसांनी तुम्ही ही प्रश्नावली भराल, तेव्हा गुण कोण पाहील आणि ते वाढले तर फोन कोण करील. त्या व्यक्तीचे नाव कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न : मी पीथमपूरला नोकरी करतो. पत्नी बाळंत होऊन नऊ दिवस झाले आहेत. तीन रात्री ती अजिबात झोपलेली नाही, तरी थकलेली वाटत नाही. असंबद्ध बोलते, बाळ बदलले आहे असे म्हणते. मी एका अ‍ॅपवरील संवादात हे लिहिले, तेव्हा विश्रांती आणि ध्यानाचा सल्ला मिळाला. काय करावे?

उत्तर : यांना संपादकीय कार्यालयातून त्याच दिवशी फोन करून रुग्णालयात जाण्यास सांगितले. इतरांसाठी येथे छापत आहोत. हे नैराश्य नव्हे. हजार प्रसूतींमागे एखाद-दोन स्त्रियांना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, होणारा हा तीव्र मनोविकार आहे आणि तो प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाइतकाच तातडीचा मानावा. पूर्वी द्विध्रुवी विकार (अतिउत्साह आणि खोल उदासी आलटून-पालटून येणारा आजार) झालेल्या स्त्रीला याचा धोका बराच जास्त असतो, म्हणून तशी माहिती प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांना द्यावी. अशा वेळी प्रश्नावली भरू नये, अ‍ॅप उघडू नये, आई व बाळ दोघांनाच एका खोलीत सोडू नये आणि १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे; इंदूरमध्ये एम. वाय. या सरकारी रुग्णालयाचा तातडीचा विभाग दिवसरात्र उघडा असतो. ‘तिला वेड्यांच्या दवाखान्यात ठेवतील आणि बाळाला तोडतील’ या भीतीने घरातले लोक दोन-तीन दिवस घालवतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ असे सांगतो की, तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः वेगळे करू नये; धोका असल्यामुळे काही काळ वेगळे ठेवावे लागले, तरी भेट आणि पुनर्विचार यांची तरतूद त्यात आहे. उपचारांनी बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात.

प्रश्न : लोकमान्यनगरात राहणारी मी सासू आहे. सूनबाईंचे बाळ दीड महिन्याचे आहे. रात्री पाजताना त्या सतत फोनवर मातांच्या गटांतील मजकूर वाचतात आणि सकाळी नव्या काळज्या घेऊन उठतात. फोन काढून घ्यावा का?

उत्तर : घेऊ नका. रात्री तीन वाजता जागा असलेला त्यांचा एकमेव सोबती तो फोन आहे आणि तो गेला, तर काळज्या राहतील, फक्त तुम्हाला दिसणार नाहीत. गटांमध्ये ज्यांचे बिघडले त्या जास्त लिहितात, त्यामुळे वाचणारीला सर्वांचेच बिघडते असे वाटू लागते. हे त्यांना शांतपणे सांगता येईल. शासनाच्या किलकारी सेवेचे फोन गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला येतात आणि त्यांतील माहिती तपासलेली असते. मात्र ते ध्वनिमुद्रित संदेश आहेत; ‘तू कशी आहेस’ याचे उत्तर ऐकून घेणारे तिकडे कोणी नसते. ते काम तुम्ही करू शकता.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी येणारे रडू दोन आठवड्यांत ओसरते. आता दीड महिना झाला आहे, त्यामुळे उदासी किंवा काळजी रोजचीच असेल, तर वर सांगितलेल्या दहा प्रश्नांकडे त्यांच्याशी बोलून वळा. परस्पर त्यांच्या फोनवर गुण पाहू नका. त्याआधी आजपासून एक करून पाहा. रात्री दहाचे पाजणे झाले की बाळाला तुमच्या खोलीत घ्या, मधल्या पाजण्यासाठी काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने द्या आणि सूनबाईंना तीनपर्यंत सलग झोपू द्या. त्यांचा फोन त्या वेळी स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, पण त्यांनी स्वतःच्या हाताने.