पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या तरुण ब्रिटिश सैनिकाचं आयुष्य कसं शोधायचं?

मृत्यूपासून सुरुवात करा आणि मागे मागे जा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन (युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणारी संस्था) हिच्या संकेतस्थळावर नाव शोधा; हुद्दा, पलटण, क्रमांक, मृत्यूची तारीख मिळते, कधी आईवडिलांची नावंही. एकाच नावाचे बरेच निघतात, म्हणून पलटण आणि क्रमांक दोन्ही जुळवाच.

मग पलटणीची युद्ध-दैनंदिनी, म्हणजे तिच्या रोजच्या घडामोडींची अधिकृत नोंदवही, वाचा. साध्या शिपायाचं नाव त्यात सहसा नसतं, पण त्या दिवशी खंदक कुठे होता, किती जण पडले, हे सापडतं. मला तरी तो मुलगा तिथेच खरा वाटू लागतो.

सैनिकांच्या बऱ्याच सेवा-नोंदी दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. फाइल नसेल तर १९११ ची जनगणना पाहा. सैनिकाचे थकलेले पैसे घरच्यांना दिल्याच्या नोंदीही आहेत. त्यात बहुतेकदा वारसाचं नाव असतं.