मिठाच्या पाण्यातून विजेने छोटा प्लाझ्मा तयार करता येतो का? बीएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हवंय, नाशिकमध्ये कुठे बघायला मिळेल?

येतो. (प्लाझ्मा म्हणजे अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटल्यामुळे वीज वाहू देणारा वायू.) आणि बघायला लांब जायला नको. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत ज्या टूलरूममध्ये (साचे-हत्यारं बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये) ईडीएम मशीन, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणारं मशीन आहे, तिथे शिफ्टभर हेच चालू असतं. मी अशाच एका ठिकाणी काम करतो, म्हणून आधी तिथलं सांगतो.

तांब्याचा इलेक्ट्रोड आणि पोलादाचा जॉब (कोरायचा तुकडा), दोन्ही ईडीएम ऑइलमध्ये बुडालेले. मधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची. शंभरेक व्होल्ट लावले की त्या फटीत कुठेतरी एका जागी ऑइल दम सोडतं, म्हणजे वीज अडवू शकत नाही, आणि काही मायक्रोसेकंदांपुरता स्पार्क पडतो. व्होल्टेज धाडकन पंचवीस-तीसवर उतरतं, करंट वाहू लागतो, तापमान हजारो अंशांवर जातं. तोच तुमचा प्लाझ्मा. जिथे स्पार्क पडतो तिथला पोलादाचा कण वितळून उडतो आणि फ्लशिंगबरोबर, म्हणजे फटीतून खेळवलेल्या ऑइलबरोबर, वाहून जातो. ही पद्धत १९४३ च्या सुमारास सोव्हिएत संघात लाझारेन्को दांपत्याने काढली. त्यांना खरं तर टंगस्टनच्या काँटॅक्टची (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांची) ठिणग्यांनी होणारी झीज थांबवायची होती. तेलात बुडवूनही ती थांबली नाही, पण हवी तिथे, हवी तेवढी करता येते हे लक्षात आलं. आमची पोटं आज त्याच झिजेवर चालतात!

आता मिठाचं पाणी. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तुमच्या आवाक्यातल्या व्होल्टेजला द्रवाचा थेट प्लाझ्मा होत नाही. आधी वाफ होते, मग त्या वाफेत डिस्चार्ज होतो, म्हणजे वाफेतून वीज वाहून ती उजळते. द्रावणात एक बारीक तार आणि समोर मोठा पत्रा ठेवून डीसी व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं, तर सुरुवातीला करंट नेहमीसारखा वाढत जातो आणि बुडबुडे येतात. मग तारेलगतचं पाणी उकळू लागतं आणि एका टप्प्यावर करंट वाढायच्या ऐवजी एकदम पडतो. बरेच जण इथे कनेक्शन सुटलं समजून मशीन बंद करतात. सुटलेलं काही नसतं. तापल्या तव्यावर नाचणाऱ्या थेंबाखाली वाफेची गादी असते ना, तसंच वाफेचं आवरण तारेला बसलेलं असतं. जवळजवळ सगळं व्होल्टेज आता त्या पातळ आवरणावर येतं, ते पेलवत नाही, आणि तार उजळते. तार बारीक का, तर थोड्याशा जागेतून जास्त करंट गेला तरच तिथलं पाणी इतकं तापतं.

यात नवीन काही नाही. गुबकिन नावाच्या शास्त्रज्ञाने १८८७ मध्येच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणावर डिस्चार्ज सोडून चांदी वेगळी काढली होती. म्हणून 'प्लाझ्मा करून दाखवला' एवढ्यावर प्रोजेक्ट उभा करू नका, असं माझं मत. खरी गंमत रंगात आहे. मिठाचा उजेड पिवळा दिसतो, कारण सोडियमची रेषा (उजेडाचे रंग वेगळे केले की दिसणारी त्याची ठरावीक रेघ) ५८९ नॅनोमीटरला आहे. पाण्याच्या हायड्रोजनची लाल रेषा ६५६ ला सापडते. पोटॅशियमचं द्रावण घेतलं तर जांभळट छटा येते, पण सोडियमचा अंश कुठूनही घुसतो आणि पिवळा रंग तिला दाबून टाकतो. १९९३ मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी द्रावणालाच कॅथोड (ऋण टोक) करून पाण्यातले धातू ओळखण्याची पद्धत मांडली, ती याच पायावर. तुम्ही जुन्या डीव्हीडीच्या तुकड्याचा स्पेक्ट्रोस्कोप (उजेडाचे रंग वेगळे दाखवणारं साधन) करा आणि सोडियमचं प्रमाण बदललं की पिवळी रेषा किती बदलते ते मोजा. परीक्षकांना विचारायला काहीतरी मिळेल.

हा प्रयोग घरच्या सॉकेटवर मात्र करू नका, ब्रिज रेक्टिफायर लावूनही नाही. काहीशे व्होल्ट, ओले हात आणि मिठाचं पाणी हे जीवघेणं आहे. चालू असताना अख्खं बीकर लाइव्ह असतं. कॉलेजच्या लॅबमध्ये, करंट लिमिट असलेला आयसोलेटेड (मेन लाइनशी थेट न जोडलेला) सप्लाय घेऊन, सरांसमोरच करा. साध्या मिठातून क्लोरीनही निघतो, त्यामुळे खायचा सोडा बरा. सोडियम त्यातही आहे. हायड्रोजन साठणार नाही इतकी खिडकी उघडी हवी, आणि उजेडात अतिनील किरण असतात म्हणून नुसत्या डोळ्यांनी टक लावून बघू नका.

(नाशिककर म्हणून कोणीतरी मायक्रोवेव्हमधल्या द्राक्षांचा व्हिडिओ पाठवेलच. तोही प्लाझ्माच, द्राक्षातल्या सोडियम-पोटॅशियमचा. पण मायक्रोवेव्ह आईचा असेल तर विसरा.)

टूलरूम बघायला गेलात तर वायरकट, म्हणजे बारीक तारेने कापणारं ईडीएम, दाखवा म्हणा. त्यात ऑइल नसतं, डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी असतं आणि ते शुद्ध ठेवायला शेजारी रेझिनची टाकी. पाण्यात क्षार वाढले की करंट नुसता पाण्यातून गळतो आणि कटिंग बिघडतं. म्हणजे तुम्हाला जे क्षार मुद्दाम घालायचेत, तेच आम्ही काढत बसतो. ऑपरेटरला विचारलंत तर तो कंडक्टिव्हिटीचा आकडा स्क्रीनवर दाखवेल.