विमान तर तसंही उडणारच?

प्रश्न : आम्ही खारघरला राहतो, माझं माहेर नागपूरचं. दिवाळीत आणि मे महिन्यात जाणं होतंच. उलव्याकडचं नवं विमानतळ सुरू झाल्यापासून ह्यांचं सुरू आहे, 'रात्रभर गाडीत हाडं कशाला खिळखिळी करायची?' बारावीतला मुलगा मात्र हटून बसलाय, प्रदूषण होतं म्हणून विमान नकोच. ह्यांचं म्हणणं, आपण बसलो काय, न बसलो काय, विमान उडणारच. आणि रेल्वे तरी कुठे कोळशाशिवाय चालते? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या आपल्या गप्प. खरं कोणाचं?
— एक वाचक, खारघर

उत्तर : ताई, माझी सगळी नोकरी रेल्वेच्या ओव्हरहेड वायरच्या देखभालीत गेली. त्यामुळे मी गाडीची बाजू घेणार, हे धरूनच वाचा.

कोळशाचा मुद्दा तुमच्या ह्यांनी बरोबर काढलाय. देशातली तीन-चतुर्थांशाच्या आसपास वीज अजून कोळशावरच होते आणि तीच 25 हजार व्होल्टने गाडीच्या डोक्यावर येते. पण वीज कशाची, एवढं विचारून भागत नाही. माणशी लागते किती, ते बघायचं. पोलादी रुळावर पोलादी चाक, घर्षण अगदी कमी, आणि एका गाडीत हजारावर माणसं. ठाणे ते नागपूर माझा ढोबळ हिशेब माणशी पंधरा किलो कार्बन डायऑक्साइडच्या आतबाहेर येतो. विमानाचं बघा. 180 आसनांचं विमान मुंबईहून नागपूरला जाताना तीन टनांच्या आसपास इंधन जाळतं, आणि एक किलो इंधनातून 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. भरलेल्या विमानातसुद्धा माणशी पन्नासच्या वर गेलात. उंचावर मागे राहणाऱ्या पांढऱ्या रेघा उष्णता अडवतात, ते यात धरलेलंच नाही.

यातली माझ्या आवडीची गोष्ट कसाऱ्याला दिसते. गाडी थांबते, मागून ढकलायला बँकर म्हणजे जादा इंजिनं येऊन लागतात आणि डब्याला एक गचका बसतो. हातात चहा असेल तर सांभाळा. पुढे इगतपुरीपर्यंत दर 37 मीटरला 1 मीटर चढ. इंजिनं तारेतून वीज अक्षरशः ओरबाडतात. पण नेमकी त्याच वेळी समोरून घाट उतरणारी गाडी असेल, तर तिचं नवं थ्री-फेज इंजिन ब्रेक लावताना वीज तयार करून तारेत परत सोडतं, आणि ती वर चढणाऱ्या गाडीला मिळते. विमानाने चढताना जाळलेलं इंधन उतरताना टाकीत परत येत नाही. छोट्या पल्ल्याचं विमान महाग पडतं ते यामुळेच. उंची गाठण्यातच इंधनाचा मोठा वाटा जातो, आणि जरा स्थिरावतंय तोवर उतरायची वेळ होते. फ्रान्सने 2023 साली, अडीच तासांच्या आत रेल्वेने पोचता येत असेल तिथली देशांतर्गत विमानं बंद केली. प्रत्यक्षात तीनच मार्ग बंद झाले, म्हणून फार कौतुक करत नाही.

आता 'उडणारच'. उद्याचं उडेल, बरोबर. पण खानावळवाली उद्याची कणीक आजच्या ताटांवरून मळते. खुर्च्या रिकाम्या राहिल्या की कंपनी पुढच्या वेळापत्रकात एक फेरी कमी करते, भरल्या की वाढवते. नवं विमानतळ तर सध्या तुमच्याआमच्या सवयी कशा लागतात, तेच बघत असणार. आणि गाडीसुद्धा तसंही सुटणारच आहे की! मग तीच पकडा.

मुलालाही एक सुनवा. एसी फर्स्टच्या डब्यात 24 बर्थ, थर्ड एसीत 72. डबा ओढायला वीज साधारण तेवढीच, म्हणजे फर्स्टवाल्याच्या नावावर तिप्पट. आणि समृद्धीवरून एकट्याने पेट्रोलची गाडी हाकत नागपूर गाठलं, तर लिटरमागे 2.3 किलोच्या हिशेबाने शंभर किलो सहज ओलांडतात. विमान परवडलं! चौघं मिळून गेलात तर गोष्ट वेगळी.

मी विमानाने जातच नाही असं नाही. गुवाहाटीला कोणाचं आजारपण निघालं तर मी गाडीची वाट बघणार नाही. पण संध्याकाळी ठाण्याला विदर्भ एक्स्प्रेस पकडून सकाळी नागपूरला उतरता येत असेल, तर उलव्याला जायचं काही कारण मला दिसत नाही.

राहिले सासूबाईंचे गुडघे. खरं तर त्यांनाच आधी विचारायला हवं होतं. पनवेल-ठाणे लोकलने 9-10 नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उतरून सामानासकट पूल ओलांडायला त्यांना लावू नका, सरळ टॅक्सीने ठाणे स्टेशन गाठा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. दिवाळीसाठी त्याच सकाळी बसा. चौघांचं एकच तिकीट काढलंत तर खालचा बर्थ नशिबावर. त्याऐवजी ज्येष्ठांच्या लोअर बर्थ कोट्यातून तिकीट काढा. तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर मिळतो, आणि बायकांना वयाच्या 45 पासून. तुम्ही त्या वयात बसत असाल तर तुमचं नि सासूबाईंचं एक तिकीट, बापलेकांचं दुसरं. डबा वेगळा आला तरी बिघडत नाही. त्यांचा वाद रात्रभर चालू दे, तुम्ही दोघी झोपा.