कानाची कड आणि रक्ताची वाट

प्रश्न : आमच्याकडे चिहुआहुआ जातीची चार वर्षांची कुत्री आहे, वजन सव्वादोन किलो. दिवाळीनंतर तिच्या दोन्ही कानांच्या टोकांशी कोंडा दिसू लागला, मग काळसर खपली धरली आणि आता डाव्या कानाच्या कडेला उंदराने कुरतडावी तशी खाच पडली आहे. तिने डोके झटकले की भिंतीवर रक्ताचे थेंब उडतात. औषधाच्या दुकानातून खरजेचे मलम आणून पंधरा दिवस लावले, पण गुण आला नाही. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात की एवढ्याशा कुत्र्याचे हृदय दुबळे असते, म्हणून कानापर्यंत रक्त पोहोचत नाही. हे खरे आहे का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : रक्त पोहोचत नाही हा त्या गृहस्थांचा अंदाज बहुधा बरोबर आहे, हृदयाला दिलेला दोष मात्र बहुधा चुकीचा आहे. कानाची पाळी म्हणजे पातळ कूर्चा आणि तिच्या दोन्ही बाजूंना ताणून बसवलेली कातडी. तिच्या अगदी कडेला पोहोचणाऱ्या रक्तवाहिन्या केसाहूनही बारीक असतात आणि त्यांच्यापुढे रक्ताला दुसरी वाट नसते. त्या वाहिन्यांना सूज आली किंवा त्यांत बारीक गुठळी अडकली, की तेवढा भाग उपाशी राहतो, वाळतो, काळा पडतो आणि अखेरीस गळून खाच उरते. चिहुआहुआ, मिनिएचर पिन्शर, यॉर्कशायर टेरियर आणि डॅशहुंड यांच्यात हा प्रकार आढळतो. दोन्ही कानांना, टोकाकडून सुरुवात आणि खाज फारशी नाही, असे चित्र असेल तर माझा संशय प्रथम इकडेच जातो. हृदय खरोखर थकलेले असते, तर कानाच्या आधी तुम्हाला तिचा दम आणि खोकला दिसला असता.

तरीही पत्रावरून निदान करणे योग्य नव्हे. खरूज आधी बाजूला काढावी लागते. कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळली असता कुत्रे मागचा पाय खाजवल्यासारखा हलवू लागले, तर खरजेचा संशय बळावतो. तरी त्वचा खरवडून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हाच खरा मार्ग. पावसाळ्यात चावऱ्या माशाही कानाची टोके फोडतात, पण थंडीत तो संशय कमी. तिसरे कारण गोचिडांचे. त्यांच्यामार्फत होणाऱ्या एर्लिकिया या संसर्गात रक्तवाहिन्यांना सूज येते आणि रक्तातील प्लेटलेट कमी होतात. तुम्ही सांगता तसे रक्त सहज उडत असेल, तर रक्ताची तपासणी टाळू नये. गोचीड आज अंगावर दिसत नाही, एवढ्यावरून तो कधी चावलाच नाही असे होत नाही.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगावी : गेल्या काही महिन्यांत रेबीजची लस कधी दिली. अगदी लहान जातींत ही लस दिल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, टोचलेल्या जागेचे केस गळणे आणि कानाच्या कडा वाळणे असे घडल्याचे माहीत आहे. हे वाचून कोणी लस बंद करू नये. रेबीज झाल्यावर उपाय उरत नाही आणि आपल्याकडे त्याचा धोका खरा आहे. पुढचा डोस कधी आणि कसा द्यायचा, हे डॉक्टरांनी ठरवायचे. तपासणीच्या वेळी तळपायाच्या गाद्या, नखांची मुळे आणि शेपटीचे टोक हेही पाहायला सांगा, कारण रक्तवाहिन्यांचा दोष असेल तर तो तिथेही उमटू शकतो.

निदान रक्तवाहिन्यांचे ठरले, तर बहुतेक वेळा पेन्टॉक्सिफायलीन हे औषध दिले जाते. माणसांत पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांना ते देतात; त्याने लाल पेशी अधिक लवचीक होतात आणि अरुंद वाटेतून सरकतात. मात्रा वजनावरून डॉक्टर ठरवतील आणि गोळी अन्नाबरोबर द्यावी लागेल. फरक दिसायला एक ते तीन महिने लागू शकतात, त्यामुळे आठ दिवसांत औषध सोडून देऊ नका. गळून गेलेली कड परत येत नाही. पुढची वाचवणे एवढेच आपल्या हाती असते. औषधाला दाद न मिळाल्यास निरोगी भागापर्यंतची कड शस्त्रक्रियेने काढावी लागते.

घरी काय करावे? नाशिकच्या थंडीचे आपल्याला कौतुक असते, निफाडचा पारा पाच अंशांखाली गेला की आपण बातमी चवीने वाचतो. पण सव्वादोन किलोच्या जिवाचे अंग वजनाच्या मानाने फार मोठे उघडे असते आणि गारठ्यात शरीर कानाकडचे रक्त आधी आवरते. म्हणून पहाटेचे फिरणे ऊन चढल्यावर करा आणि रात्री गळ्यापासून कानांवर सैलसर येईल असे मऊ कापड बांधा. गरम पाण्याची पिशवी कानाला लावू नका, कारण रक्त कमी असलेली कातडी लवकर भाजते. खपली ओढू नका. आणि गोचिडांसाठी पाण्यात मिसळून लावायचे अमिट्राझ हे औषध शेजाऱ्याच्या गोठ्यातून आणून या कुत्रीला लावण्याचा मोह टाळा. चिहुआहुआ जात त्याला फार संवेदनशील असते. घरातली पॅरासिटामॉलही नको.

प्रश्न : आमचा दहा वर्षांचा पॉमेरेनियन रात्री खोकतो आणि त्याचे कान गार लागतात. स्टेथोस्कोपने ‘मर्मर’ ऐकू येतो, असे सांगितले आहे. काळजीचे कारण आहे का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : इथे मात्र हृदयाकडे पाहायलाच हवे. लहान जातींत उतारवयात डाव्या कप्प्यांमधली झडप जाड होते आणि रक्त मागे गळते. मर्मर हा त्या गळतीचा आवाज. पण मर्मर असलेला प्रत्येक कुत्रा आजारी नसतो, आणि पॉमेरेनियनमध्ये श्वासनलिका चपटी होण्यानेही असाच कोरडा खोकला येतो. हे दोन्ही एकाच वेळी असू शकतात, म्हणून छातीचा एक्स-रे आणि शक्य तर हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. हृदय मोठे झालेले आढळले, तर पिमोबेन्डान हे औषध लक्षणे दिसण्यापूर्वीच सुरू केल्यास हृदय निकामी होण्याची वेळ लांबवता येते, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले आहे. गार कान एकटे काहीच सिद्ध करत नाहीत. त्यापेक्षा तो गाढ झोपला असताना मिनिटाला किती श्वास घेतो, ते रोज मोजून वहीत लिहा. आकडा 30 च्या वर टिकू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. हिरड्या निळसर दिसल्या किंवा तो कोसळला, तर थेट दवाखाना गाठा. गळ्यातला पट्टा काढून छातीभोवतीचा घाला.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या पगच्या कानाला वास येतो. इअरबडने साफ करावा का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : नाही. कुत्र्याचा कान आत गेल्यावर काटकोनात वळतो, त्यामुळे बडने मळ बाहेर येण्याऐवजी आत ढकलला जातो. वास येणे हे बुरशीचे किंवा जंतूंचे लक्षण असते. पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी आत पाहून सांगेपर्यंत कानात कोणताही थेंब टाकू नका.